मेननेटच्या फोर्कवर ईथर ४० टक्के पाडला, पण डब्ल्यूएसटी-ईथवाली खाती हलत नाहीत

प्रश्न

ईथर (इथेरियमचं चलन) एका झटक्यात ४० टक्के घसरला तर इथेरियमवरच्या आवे व्ही३ या कर्जप्रणालीतली ठरावीक खाती लिक्विडेट होतात का (तारण अपुरं पडलं की दुसरा कोणी कर्ज फेडून ते सवलतीत घेतो) आणि लिक्विडेटरच्या पदरात किती पडतं, हे पाहायचं आहे. फाउंड्रीच्या अ‍ॅन्व्हिलवर (चाचणीसाठीचा लोकल नोड) मेननेटचा, म्हणजे खऱ्या नेटवर्कचा, फोर्क (लोकल नक्कल) केलाय. अधिकार असलेला पत्ता इम्पर्सोनेट करून (त्याच्या नावाने व्यवहार करून) आवेच्या ओरॅकलमध्ये (भाव सांगणारा कॉन्ट्रॅक्ट) डब्ल्यूईथसाठी (टोकन रूपातला ईथर) नकली फीड, म्हणजे भावाचा स्रोत, जोडला. अडचणी तीन:

डब्ल्यूईथ तारणवाल्यांचा हेल्थ फॅक्टर (तो १ च्या खाली गेला की खातं लिक्विडेट होऊ शकतं) उतरला, डब्ल्यूएसटी-ईथवाल्यांचा (स्टेक केलेल्या ईथरचं टोकन) नाही. जप्त तारण युनिस्वॅपवर (टोकन अदलाबदलीचा बाजार) विकलं की नफा अवाच्या सवा दिसतो. आणि काल चाललेली स्क्रिप्ट आज 'मिसिंग ट्राय नोड' (मागितलेली जुनी स्टेट नोडकडे नाही) म्हणून अडते.

उत्तर १

तुम्ही फक्त डब्ल्यूईथचा सोर्स बदललात. डब्ल्यूएसटी-ईथचा भाव वेगळ्या अडॅप्टरमधून (दुसऱ्या फीडवरून भाव काढणारा कॉन्ट्रॅक्ट) येतो. तो चेनलिंक या भाव पुरवणाऱ्या सेवेचा ईथर-डॉलर फीड वाचून त्याला स्टेकिंगच्या गुणोत्तराने गुणतो, आणि त्याच्या हिशेबी ईथर अजून जुन्याच भावाला आहे. यातून आणखी एक गडबड होते: डब्ल्यूएसटी-ईथ तारण आणि डब्ल्यूईथ कर्ज असलेल्या खात्यांचा हेल्थ फॅक्टर चक्क वाढलेला दिसेल. खरं तर तो जवळपास जिथल्या तिथे राहायला हवा. दुरुस्तीनंतर पडताळणीसाठी असं एखादं खातं हाताशी ठेवा.

ओरॅकलला हात न लावता मुळातला फीडच बदला. पत्ता कुठून तरी उचलून चिकटवू नका. ओरॅकलला त्या अ‍ॅसेटचा सोर्स विचारा, तो अडॅप्टर असेल तर त्याच्या आतला बेस फीड विचारा. मग 'अ‍ॅन्व्हिल_सेटकोड'ने त्या पत्त्यावर आपला मॉक (नकली कॉन्ट्रॅक्ट) बसवा. इथे तीन ठिकाणी माणूस हमखास अडखळतो:

– रनटाइम बाइटकोड (डिप्लॉय झाल्यावर पत्त्यावर राहणारा कोड) द्यायचा, डिप्लॉयमेंटचा नव्हे. कन्स्ट्रक्टर (डिप्लॉय होताना एकदाच चालणारा भाग) चालत नाही, त्यामुळे त्यात ठरणारी इम्युटेबल व्हेरिएबल शून्य राहतात. भाव कॉन्स्टंट म्हणून लिहा.
– जुन्या कॉन्ट्रॅक्टचं स्टोरेज तसंच राहतं. मॉकने स्लॉट ० मधून (स्टोरेजचा पहिला कप्पा) भाव वाचला तर तिथे भलतीच संख्या सापडेल.
– 'लेटेस्टआन्सर', 'लेटेस्टराउंडडेटा' आणि 'डेसिमल्स' तिन्ही हवेत. दशांश ८, म्हणजे १,८०० डॉलर = १८०,०००,०००,०००. 'अपडेटेडअ‍ॅट'मध्ये चालू ब्लॉकची वेळ द्या, नाहीतर भावाचं वय तपासणारे इतर प्रोटोकॉलचे व्यवहार रिव्हर्ट (रद्द) होतील.

उत्तर २

नफ्याचं कारण: ओरॅकल पडला, बाजार पडलाच नाही. समजा १०० ईथर तारण, भाव ३,०००, कर्ज १,५०,००० यूएसडीसी (डॉलरशी बांधलेलं टोकन), लिक्विडेशन थ्रेशोल्ड (तारणाच्या किती टक्क्यांपर्यंत कर्ज चालतं) ८३ टक्के, बोनस (लिक्विडेटरला मिळणारं जादा तारण) ५ टक्के. हेल्थ फॅक्टर १.६६. भाव १,८०० झाला की ०.९९६. तो ०.९५ च्या वर असल्यामुळे निम्मंच कर्ज फेडता येतं, म्हणजे ७५,०००. बदल्यात ७८,७५० डॉलरचं तारण, ४३.७५ ईथर. खरा ढोबळ नफा ३,७५०, त्यातूनही प्रोटोकॉलचा वाटा जायचा. पण फोर्कवरच्या युनिस्वॅपच्या पूलमध्ये (ज्या साठ्यातून टोकनांची अदलाबदल होते) ईथर अजून ३,००० ला असल्याने हातात सुमारे १,३१,००० येतात.

म्हणून पूलही पाडा. खात्यात भरपूर ईथर टाका, ते डब्ल्यूईथमध्ये डिपॉझिट करा आणि युनिस्वॅप व्ही३ च्या राउटरवरून विका. विकताना वर्गमूळ-भावाची मर्यादा द्या म्हणजे सौदा बरोबर १,८०० ला थांबेल. मेननेटवरच्या यूएसडीसी-डब्ल्यूईथ पूलमध्ये टोकन० (जोडीतलं पहिलं टोकन) यूएसडीसी आहे, त्यामुळे ईथर पडताना वर्गमूळ-भावाची संख्या वर जाते: १,८०० साठी सुमारे २३,५७० गुणिले २ चा ९६ वा घात. मर्यादा खालच्या बाजूला दिली तर सौदा लगेच रिव्हर्ट होतो. तुमचा मार्ग ज्या पूलमधून जातो ते सगळे पाडा, ०.०५ आणि ०.३ टक्के शुल्काचे दोन्ही.

तरीही आकडा जपूनच वापरा. फोर्कवर आर्बिट्राज करणारे नाहीत, स्पर्धक बॉट नाहीत, मेमपूलची (थांबलेल्या व्यवहारांची रांग) कोंडी नाही. १२ मार्च २०२० ला मेकर या कर्जप्रणालीच्या लिलावांत शून्य बोलीला तारण गेलं, ते गॅस (व्यवहाराचं शुल्क) भडकून बहुतेकांच्या बोली पोचल्याच नाहीत म्हणून. सगळे व्यवहार मुकाट्याने घेणाऱ्या लोकल नोडवर ते कधीच दिसणार नाही. निदान बेस फी (ब्लॉकमधलं किमान शुल्क) वाढवून तोच सौदा परवडतो का, एवढं तरी बघा.

उत्तर ३

'मिसिंग ट्राय नोड'चं साधं कारण: साधा फुल नोड साधारण शेवटच्या १२८ ब्लॉकचीच स्टेट (खात्यांची तेव्हाची स्थिती) ठेवतो, म्हणजे जेमतेम पंचवीस मिनिटं. अ‍ॅन्व्हिल सगळी स्टेट आधी उतरवत नाही, लागेल तेव्हा मागवतो. तोवर तुमचा ब्लॉक मागे पडलेला असतो. आर्काइव्ह नोडचा (सगळी जुनी स्टेट ठेवणारा) आरपीसी, म्हणजे जोडणीचा पत्ता, घ्या आणि ब्लॉक नंबर पक्का करा. मग मागवलेली स्टेट डिस्कवर कॅशही होते आणि पुढची फेरी भराभर उरकते.

१०, २०, ३०, ४० टक्के अशा फेऱ्या करणार असाल तर आधी 'ईव्हीएम_स्नॅपशॉट', मग प्रत्येक फेरीनंतर 'ईव्हीएम_रिव्हर्ट'. एका स्नॅपशॉटवर एकदाच परतता येतं, परतल्यावर लगेच नवा घ्यायचा.

लिक्विडेटरच्या यूएसडीसीसाठी स्लॉट ९ मधल्या मॅपिंगवर थेट शिल्लक लिहिता येते, दशांश ६. ए-टोकन (आवेतल्या ठेवीचं टोकन) किंवा एसटी-ईथवर (स्टेक केलेल्या ईथरचं मूळ टोकन) हा उपाय नको: तिथली शिल्लक इंडेक्स किंवा शेअर्सवरून काढली जाते, लिहिलेला आकडा आणि दिसणारा आकडा जुळणार नाही. ते रीतसर डिपॉझिट करूनच मिळवा.