लेथवर केलेल्या वाडग्याला चमक येतच नाही, गोल गोल चरे दिसतात. काय करू?

खटपट्या_नाशिक

मंडळी नमस्कार. घरी छोटा बेंच लेथ (लाकूड गोल फिरवून कातायचं टेबलावरचं यंत्र) आहे, ऑफिसातून आलो की गॅलरीत भुसा पाडत बसतो (हा बायकोचा शब्द). लाटणी, भोवरे, रव्या असलं बरंच करून झालंय, आता पहिल्यांदाच वाडगा केला. गावाकडच्या घराची जुनी सागाची चौकट निघाली होती त्याचा, साधारण ५ इंच व्यास. आकार मस्त आलाय, पण फिनिशिंगला घोडं अडलंय.

८० नंबरचा पॉलिश पेपर (नंबर मोठा तितका पेपर बारीक) मारला, मग १२०, मग डायरेक्ट ४००. हाताला एकदम गुळगुळीत लागतं. त्यावर दुकानदाराने दिलेलं ग्लॉसी व्हार्निश दोन हात मारलं आणि जे आधी दिसत नव्हतं ते सगळं दिसायला लागलं. आतून गोल गोल चरे, दोन समोरासमोरच्या जागी लाकूड खरबरीत आणि काळपट, आणि पूर्ण पृष्ठभागावर बारीक बारीक खड्डे. चमक आहे पण प्लॅस्टिकवर पाणी सांडल्यासारखी. मला कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यांना असते ना, तशी आतून आल्यासारखी चमक हवीय.

तर १००० आणि २००० चे पेपर आणू का? की व्हार्निशच बदलू? कोणी म्हणतं मेलामाईन मार, कोणी म्हणतं लाख. वाडग्यात सुकामेवा ठेवायचा आहे, तेव्हा खायच्या वस्तूला चालेल असंच सांगा.

कुडाळकर_कातारी

२००० चा पेपर आणू नका, पैसे फुकट जातील. तुमचा घोळ ८० च्याही आधीचा आहे.

ते समोरासमोर दोन खरबरीत पट्टे म्हणताय ना, तिथे लाकडाच्या रेषा (तंतू) आडव्या कापल्या जातात. चौकटीचा आडवा तुकडा लेथला लावला की एका फेऱ्यात दोनदा हत्यार रेषेच्या टोकांवर येतं, आणि हत्याराला धार नसेल तर ते तंतू कापत नाही, उपटतं. उपटलेल्या जागी खोलवर भेगा राहतात आणि तिथेच व्हार्निश जास्त शोषलं जातं, म्हणून काळं दिसतं. ते पेपरने घालवायचं म्हणजे आजूबाजूचं सगळं लाकूड त्या खोलीपर्यंत घासायला लागेल, तोपर्यंत वाडगा गोल राहणार नाही. त्यात साग. सागात सिलिका असते, ती हत्याराची धार बघता बघता खाते. एक वाडगा करताना मी तीन चार वेळा तरी ग्राइंडरवर जातो आणि शेवटच्या हातासाठी तर हमखास नवीन धार लावूनच. शेवटचा हात म्हणजे अगदी कागदासारखा पातळ, हत्याराची पाठ लाकडाला टेकलेली, घाई नाही. तरी उपटत असेल तर त्या जागी पातळ लाख पुसा, तंतू कडक होतात, वाळलं की परत एक हलका हात. फरक लगेच दिसेल.

आता गोल चरे. १२० वरून ४०० वर उडी मारलीत तिथे ते राहिले. १२० ने पाडलेला चरा ४०० च्या बापाला निघत नाही, ४०० फक्त त्याच्या कडा चकचकीत करतो आणि मग तो जास्तच उठून दिसतो. १२०, १८०, २२०, ३२०, ४०० असं ओळीने जा. आणि मुख्य म्हणजे प्रत्येक नंबर झाला की लेथ बंद करा आणि त्याच पेपरने हाताने रेषेच्या दिशेने घासा, गोल चरे पूर्ण जाईपर्यंत, मगच पुढचा नंबर. कंटाळवाणं आहे, मान्य. टॉर्च आडवी धरून बघा, वरून लाइट मारला तर काहीही दिसत नाही. पेपर मारताना स्पीड कमी ठेवा, दाबू नका, लाकूड तापलं की टोकाच्या रेषांवर केसासारख्या चिरा जातात.

२२० नंतर लेथ बंद ठेवून ओलं फडकं फिरवून पूर्ण वाळू द्या, जे तंतू नंतर पॉलिशखाली उभे राहणार ते आत्ताच उभे राहतात, मग ३२० ने कापून टाका. ४०० झाला की लेथवरून निघालेले त्याच लाकडाचे छिलके मूठभर घ्या आणि फिरत्या वाडग्यावर बाहेरून दाबून धरा. बिनपॉलिशचा वाडगा चमकायला लागेल. इथे चमकला नाही तर पुढे कुठल्याही बाटलीने चमकणार नाही, हे माझं ठाम मत.

ठाणे_फर्निचर

कातारी भाऊंचं सगळं बरोबर, फक्त बारीक खड्ड्यांचं राहिलं. ते खड्डे म्हणजे सागाची छिद्रं, कितीही घासलं तरी जाणार नाहीत, लाकूडच तसं आहे. काचेसारखं हवं असेल तर भरायलाच लागतील. आमच्याकडे जुने पॉलिशवाले खडूची पूड आणि पिवडी (पिवळी माती) कालवून चोळायचे, आता सँडिंग सीलर (छिद्रं बुजवायचा, घासता येणारा पहिला थर) मारतो, वाळला की ३२० ने घासायचा, परत सीलर, परत घासायचा, छिद्रं बुजेपर्यंत. वर मेलामाईन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) ग्लॉस. डायनिंग टेबलला जी चमक असते ती अशीच येते आणि गरम पातेलं, पाणी सगळ्याला लाखेपेक्षा कितीतरी पटीने टिकते.

पण खरं सांगू का, एका वाडग्यासाठी हे करू नका. दोन डब्यांचं मिश्रण, ते लगेच वापरायला लागतं, उरलेलं फेकायचं, आणि पीयू स्प्रे करायचा तर साधा कापडी मास्क चालत नाही, गॅलरीत तर अजिबातच नाही.

मेणबत्ती_बंगळूर

चन्नपट्टणचं नाव आलं म्हणून लिहितेय, इथून म्हैसूरच्या रस्त्यावर साधारण ६० किमीवर आहे, मी बऱ्याचदा जाते.

ती चमक तुम्हाला सागावर हुबेहूब मिळणार नाही. ते लोक वापरतात ते लाकूड आले मर, म्हणजे आपला काळा कुडा. पांढरं, एकदम बारीक पोताचं, छिद्रं जवळजवळ दिसतच नाहीत. आणि ते पॉलिश लावतच नाहीत. रंगवलेल्या लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबतात, घर्षणाने लाख वितळते आणि लाकडावर बसते. मग केवड्याच्या जातीचं लांब पान घेऊन त्याच्यावर दाबून फिरवतात, लाख सारखी पसरते आणि चमक येते. ब्रश नाही, थिनर नाही, वाळायची वाट बघणं नाही. वस्तू लेथवरून उतरते ती तयारच. लहान गोल वस्तूंना हे झकास जमतं, तुमच्या भोवऱ्यांवर जरूर करून बघा.

वाडग्याला मी असं करीन. जुनं व्हार्निश पूर्ण काढा. चपडी लाख (पातळ पापुद्र्यांची लाख) २० ग्रॅम, १०० मिली स्पिरिटमध्ये, काचेच्या बरणीत, रात्रभर. गाळून घ्या. सुती कापडाच्या घडीत कापूस घालून पुरचुंडी करा, लेथ बंद ठेवून पातळ पातळ हात मारा, एकाच जागी परत परत घासू नका नाहीतर खालची लाख उठते. चार पाच हातांनंतर एक दिवस जाऊ द्या, ४०० ने अगदी हलकं घासा, परत दोन हात. छिद्रं बरीचशी यातच बुजतात. शेवटी मधमाशीच्या मेणात थोडं कार्नोबा मेण (ताडासारख्या झाडाच्या पानांचं कडक मेण) मिसळून लावायचं आणि लेथ चालू करून चमकवायचं.

लोक लाख, स्पिरिट आणि डबल बॉईल्ड जवसाचं तेल समान भाग घेऊन फिरत्या लेथवर चोळतात, ते लाटण्याच्या मुठीला, पेनाला छान, पण ५ इंची वाडग्यावर पट्टे उठतात. शिवाय बॉईल्ड तेलात लवकर वाळण्यासाठी धातूचे क्षार घातलेले असतात, सुकामेव्याला मी ते टाळीन. लाख तर औषधाच्या गोळ्यांवर आणि चॉकलेटवरही असते आणि स्पिरिट उडून जातं. फक्त गरम काही ठेवू नका, ओलं फडकंही नको.

आणि एक, फिरत्या लेथवर कापड कधीच नाही!! बोटाभोवती गुंडाळून तर मुळीच नाही. टिश्यू पेपर घ्या, अडकला तर फाटतो, कापड बोट घेऊन जातं.

पोळपाटवाली_आजी

आमच्याकडे पोळपाट लाटण्याला खोबरेल तेल चोळतात, ते नाही का चालत? चमकतं की छान.

कुडाळकर_कातारी

आजी, चमकतं पण वाळत नाही. जवसाचं तेल हवा खाऊन घट्ट होतं, खोबरेल तसंच राहतं, धुतलं की गेलं, परत लावा. पोळपाटाला तेच बरं, रोज हाताखाली असतो. पण सुकामेव्याच्या वाडग्याला खवट वास यायचा.

आणि जवसाचं तेल वापरणाऱ्यांनी तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेटतात. दोरीवर पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवा.

खटपट्या_नाशिक

सगळ्यांचे आभार. व्हार्निश काढलं, पटाशीला धार लावून आतून एक पातळ हात घेतला, खरबरीत पट्टे गेले!! ओळीने सगळे पेपर मारले, छिलक्यांनी चमकवलं, बायको म्हणाली असाच ठेव. पण लाखेचा तिसरा हात मारला आणि एका बाजूला पांढुरकी सायीसारखी झाक आली. इथे परवापासून पाऊस थांबलेला नाही. लाख खराब असेल का?

मेणबत्ती_बंगळूर

पावसाचंच काम आहे. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतला ओलावा लाखेत अडकतो. कोरडा दिवस बघून पुरचुंडीवर अगदी थोडं नुसतं स्पिरिट घ्या आणि झर्रकन एकदा फिरवा, बहुतेक वेळा झाक जाते. गेली नाही तर वरचा थर घासून परत मारा. स्पिरिटची बाटली उघडी ठेवत असाल तर तीही बदला, ते हवेतलं पाणी ओढतं. आणि तयार लाखेच्या बरणीवर तारीख लिहा, सहा महिन्यांवर गेली की ती नीट वाळत नाही, चिकट राहते.

खटपट्या_नाशिक

ओके. ही चपडी मित्राने दिलेली, संपत आली. नवीन घेताना काय बघू?

ठाणे_फर्निचर

रंगाच्या जुन्या दुकानात नुसतं चपडी म्हणून मागा, पातळ पापुद्रे असतात, जितके फिके तितका लाकडाचा रंग कमी बदलतो, सागाला गडद पण चालेल. आधी थोडीच घ्या आणि स्पिरिटमध्ये टाकून बघा. दुसऱ्या दिवशीही खाली जेलीसारखा गोळा राहिला तर माल जुना आहे, परत करा.