पहिला टाका कुठे मारायचा: भंगार बोर्डावर की थेट आपल्या कन्सोलवर?

धागाकर्ता

कन्सोलमध्ये पहिल्यांदाच बदल करायचाय, सोल्डरिंग (वितळलेल्या धातूने भाग बोर्डाला जोडणं) कधी केलेलं नाही, सुरुवात कुठून करू? असं कुणी विचारलं की हमखास एकच उत्तर मिळतं: उघडा आणि लागा कामाला, करता करता जमेल. मला हा सल्ला साफ चुकीचा वाटतो. ज्या वस्तूवर जीव आहे तिच्यावर हात बसवायचा नसतो.

मी तेच केलं होतं. प्लेस्टेशन ५ च्या ड्युअलसेन्स कंट्रोलरची डावी स्टिक आपोआप सरकायला लागली, म्हणून हॉल इफेक्टवाली (चुंबकाने हालचाल ओळखणारी) नवी स्टिक आणली. एका स्टिकला १४ पाय असतात. दोन पोटेन्शियोमीटरचे (स्टिकची हालचाल मोजणारे भाग) सहा, बटणाचे चार, धातूच्या चौकटीचे चार. पहिले दहा मोकळे झाले असं वाटलं. चौकटीचे पाय मात्र ग्राउंडच्या तांब्याला जोडलेले. आयर्न (सोल्डर वितळवायचं तापतं अवजार) टेकवलं की सगळी उष्णता बोर्ड पिऊन टाकतो आणि सोल्डर जागचं हलत नाही. मी तापमान ४५० अंशांवर नेलं आणि स्टिक हलवून हलवून ओढली. पोटेन्शियोमीटरचा एक पाय आतून अजून चिकटलेला होता. तो छिद्रातलं तांब्याचं अस्तर घेऊनच बाहेर आला.

टाका मारायला तासाभरात येतं. जुना टाका बोर्डाला धक्का न लावता काढणं, हे खरं कसब. त्यासाठी बंद पडलेला राउटर किंवा डीव्हीडी प्लेअर फोडा. एकच कनेक्टर काढा, परत बसवा, परत काढा. पॅड (टाका बसतो ते बोर्डावरचं तांबं) जागेवर राहिले तर कन्सोलकडे वळा.

कार्ट्रिजवेडा

पूर्ण असहमत. भंगार बोर्डावर माणूस बेफिकीर असतो. पॅड उखडला तर दुसरा घेतो, का उखडला हे बघत नाही. सरावाच्या किटची तीच गत: कोरी पॅडं, ऐसपैस अंतर, सगळं चकचकीत. वीस वर्षं जुन्या बोर्डाशी त्याचा काही संबंध नाही.

माझं पहिलं काम म्हणजे पोकेमॉन गोल्डच्या कार्ट्रिजमधली सीआर२०२५ बॅटरी. सेव्ह टिकवणारी आणि आतलं घड्याळ चालवणारी हीच बॅटरी. फक्त दोन टाके, पॅडं मोठी, बोर्डावर अधिकची खूण छापलेली. पट्ट्या आधीच वेल्ड केलेली बॅटरी घेतली (साध्या सेलवर थेट सोल्डर करू नका, उष्णतेने सेल फुटू शकतो). जुनी बॅटरी केव्हाच मेली होती, त्यामुळे सेव्ह आधीच गेलेला. गमावण्यासारखं फार नव्हतं, तरी कार्ट्रिज माझं लहानपणापासूनचं होतं, म्हणून प्रत्येक हालचाल जपून केली. ती सवय भंगारावर लागली नसती.

धागाकर्ता

तुमचं उदाहरण चांगलं आहे, पण तुम्ही काम निवडलंत ते नेमकं सोपं. नवखा माणूस काम असं निवडत नाही, त्याला जे हवंय ते करायला घेतो. आणि बहुतेकांना हवा असतो स्टिक बदल.

राळ

दोघंही हाताबद्दलच बोलताय, अवजाराबद्दल कुणीच नाही. धागाकर्त्याचा कंट्रोलर सराव नसल्यामुळे गेला असं मला वाटत नाही. तापमान वाढवणं हा त्यावरचा इलाजच नव्हता.

युरोपात जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक्समध्ये शिशावर निर्बंध आले, आणि त्यानंतरच्या कन्सोलांत सहसा बिनशिशाचं सोल्डर असतं. ते साधारण २१७ अंशांच्या पुढे वितळतं. ६३/३७ चं कथील-शिसं १८३ लाच वितळतं. म्हणून जुन्या टाक्यावर आधी फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारं रसायन) लावा आणि थोडं शिशाचं नवं सोल्डर मिसळा. मिश्रण खालच्या तापमानाला वितळतं आणि जास्त वेळ पातळ राहतं. सुईसारखा टोकदार बिट (आयर्नचं टोक) तर काढूनच ठेवा. चपटा बिट लावा, ३५० च्या आसपास ठेवा, पाय आणि पॅड दोन्हींना एकदम टेकवा. विक (सोल्डर शोषणारी तांब्याची जाळी) वापरताना ती घासू नका, नुसती दाबून ठेवा. सोल्डर तिच्यात चढताना डोळ्यांना दिसतं, तांबडी जाळी चंदेरी होत जाते. ती थंड होण्याआधी उचला, नाहीतर पॅड तिच्याबरोबर येतं.

तापमान राखणारं आयर्न आणि चांगला फ्लक्स नसेल तर वर्षभर भंगारावर सराव करा, चुकीच्या सवयीच पक्क्या होतील. आणि खिडकी उघडी ठेवा: या तापमानाला शिशाची वाफ होत नाही, धूर राळेचा असतो आणि त्याने दम्याचा त्रास होऊ शकतो. शिसं हाताला लागतं, म्हणून काम झाल्यावर हात धुवायचे.

कार्ट्रिजवेडा

राळ यांच्याशी सहमत. फक्त प्लंबिंगचा आम्लाचा फ्लक्स कुणी उचलून आणू नये, तो बोर्ड कुरतडतो.

जुनाखेळ

मला वाटतं प्रश्न कुठल्या कन्सोलचा आहे यावर सगळं ठरतं. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सच्या बऱ्याच आयपीएस स्क्रीन किटना सोल्डरिंग लागतच नाही. प्रकाश कमी-जास्त करायचा असेल तरच दोन-तीन वायरी जोडायच्या. तिथे थेट कन्सोलवर सुरुवात करा, मी खुशाल सांगेन. पहिल्या एक्सबॉक्सचा घड्याळाचा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) गळतो आणि ट्रॅक (बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा) खातो, तो काढायला तर उशीरच नको (शेवटची १.६ आवृत्ती सोडून, तिला तो लागतो).

पण सेगा गेम गियर? त्यातले कपॅसिटर गळून आतला द्रव पॅडांखाली शिरलेला असतो. आयर्न लावायच्या आधीच पॅड सुटलेलं. तिथे नवख्याला 'जपून कर' सांगणं म्हणजे त्याला तोंडघशी पाडणं आहे. मी एक असाच बोर्ड दुरुस्त करायला घेतला होता. आधीच्या माणसाने जपूनच काम केलं होतं, टाके सुरेख होते, पण खाली तांबं उरलंच नव्हतं. प्रत्येक कपॅसिटरपासून केसाएवढी तार ओढत बसावं लागलं.

धागाकर्ता

हे मान्य. मग मी माझं म्हणणं थोडं आवरतो: जोडायचंच असेल तर थेट कन्सोलवर चालेल. काढायचं असेल, तर आधी भंगार. यावरून मी हलणार नाही.

कार्ट्रिजवेडा

बॅटरी बदलताना जुनी काढावीच लागते ना? दोनच टाके, पण काढणंच ते. मीही हलत नाही. कंट्रोलरच्या त्या पायाचं पुढे काय झालं?

धागाकर्ता

त्याच रेषेवरच्या जवळच्या टेस्ट पॉइंटपासून (तपासणीसाठी ठेवलेला तांब्याचा ठिपका) एनॅमलचा लेप असलेली बारीक तार आणली, राळ यांनी सांगितलंय तसा चपटा बिट लावून. स्टिक चालते. दुसरी स्टिक अजून बदललेली नाही, त्याआधी राउटरचे तीन पोर्ट काढून झालेत.