पाहुण्या मित्राला गडावर नेताना (अनुभव धागा)

घाटवाट
माळा आवरताना जुनी सॅक हाती लागली. बाहेरच्या कप्प्यात पाचनई (हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचं गाव) नाक्याची पावती, शाई उडालेली. डिसेंबर आला म्हणजे परदेशातली, दिल्लीकडची मंडळी "एक ट्रेक करूच" म्हणत उतरणार, तर धागा त्यासाठी. पाहुणा चढेल का ते बघू नका, उतरेल का ते बघा. चढताना लागलेला दम पाच मिनिटं बसलं की जातो. उतरताना मांड्या लटपटायला लागल्या की पाऊल कुठे पडेल नेम नाही. म्हणून हरिश्चंद्रगड पाचनईवरूनच, दोन-अडीच तासांत मंदिर. खिरेश्वरहून टोलार खिंड, वर रेलिंगचा कातळटप्पा, चढायलाच चार-पाच तास धरा. नळीच्या वाटेचं (कोकणातून थेट वर येणारी अवघड घळ) नावही काढू नका.

सुमी_नाशिक
+१. कळसूबाई १६४६ मी, राज्यातलं सगळ्यात उंच, पाहुणे खूश. फक्त शिडी उतरताना तोंड शिडीकडे, पाठ दरीकडे. लोक जिना उतरल्यासारखे उतरतात, मग सॅक मागच्या पायरीला टेकते आणि माणूस पुढे ढकलला जातो. सुट्टीच्या दिवशी शिडीखाली रेशनची रांग असते ते वेगळंच 😄

मुरमाड
बूट!!! पळायचे बूट घालून येतात, तळ मऊ नि गुळगुळीत. पावसानंतर वाट सुकली की मुरमावरचे खडे गोट्यांसारखे फिरतात. घसाऱ्यावर नवखा माणूस घाबरून मागे रेलतो, आणि तिथेच पाय सुटतो. वजन पावलांवर, गुडघे जरा वाकलेले, पावलं छोटी, तिरकं तिरकं उतरा. गवत धरू नका, मुळासकट हातात येतं. कारवी धरलीत तर ओली, बुंध्याशी. वाळकी कट्कन मोडते. दोघांत अंतर ठेवा, दगड सुटला तर "दगड!" म्हणून ओरडा. खालच्याने वर बघायचं नाही.

रानजाई
लेसचं कोणी बोललंच नाही. उतरायच्या आधी लेस सोडा, टाच जमिनीवर ठोकून मागे बसवा, मग घोट्याशी आवळा. नाहीतर बोटं पुढे आदळतात, दुसऱ्या दिवशी अंगठ्याचं नख काळं. नखं दोन दिवस आधी कापा, निघायच्या सकाळी नको.

दशमीवाली
बरोबर दशम्या द्या. पाण्याऐवजी दुधात भिजवलेल्या थंडीत दोन दिवस आरामात टिकतात. गूळ घातला तर आच मंद, लगेच करपतात.

मुरमाड
ताई, भाजताना तूप की तेल?

दशमीवाली
तेल. गडावर थंडीत तूप थिजतं, टाळूला चिकटतं.

घाटवाट
धागा दशमीवर गेला, हरकत नाही 🙏 पाणी माणशी ३ लिटर. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण १ लिटरात. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खी ओतली तर मीठ-साखर दुप्पट, पोट आणखी बिघडतं. टाक्याचं पाणी पाहुण्याला तसंच देऊ नका. फडक्याने गाळ निघतो, जंतू नाही. उकळा नाहीतर क्लोरीनची गोळी टाकून पाकिटावर लिहिलेला वेळ थांबा.

बाभूळकाटा
अत्तर, डिओ बंद. कड्याला आग्या मोहोळ असेल तर उग्र वास, धूर, आरडाओरडा तिन्ही नको. उठलंच तर हात झटकू नका, तोंड-मान झाकून लांब निघा.

सुमी_नाशिक
हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर संध्याकाळी इंद्रवज्र (धुक्यातलं गोल इंद्रधनुष्य) दिसेल का? पाहुण्याने व्हिडिओ बघितलाय.

कोकणकडेकर
नाही. सूर्य पाठीशी लागतो आणि धुकं समोर खाली. कडा पश्चिमेकडे तोंड करून, म्हणजे सकाळीच. संध्याकाळी सूर्य समोर येतो, तेव्हा सूर्यास्त बघा. आणि कड्याशी पोटावर झोपून डोकवा. कडा आत वळलेला आहे, पायाखाली काय आहे ते उभ्याने कळत नाही. वारा वरच्या दिशेने येतो, टोपी, चष्मा सांभाळा.

रानजाई
त्याच गडावर केदारेश्वरच्या गुहेत पाणी कंबरेएवढं नि गारठा हाडात जाणारा. पाहुण्याला आत उतरायचंच असेल तर कोरडे कपडे बाहेर काढून ठेवा, सॅकच्या तळाशी नको. चार खांबांतला एकच शाबूत आहे, टेकून फोटो नको रे बाबांनो.

दशमीवाली
धागा वाचता वाचता तव्यावरची एक करपली 😩