दम्याच्या रुग्णाला ड जीवनसत्त्व : औषध की सवय?

मूळ मांडणी (धागाकर्ता)

दम्याच्या रुग्णाला इन्हेलरसोबत आठवड्याला ६०,००० युनिटांची ड जीवनसत्त्वाची पुडी किंवा कॅप्सूल लिहून देणे आपल्याकडे इतके रुळले आहे, की ते दम्याचेच औषध आहे असा अनेक घरांत समज झाला आहे. मुडदूस असेल, हाडे ठिसूळ झाली असतील किंवा तपासणीत खरोखरच कमतरता आढळली असेल, तर ते द्यायलाच हवे. त्याबद्दल वाद नाही. दम्यावरचा उपाय म्हणून मात्र त्याला आता पुरेसा आधार उरलेला नाही, असे माझे मत आहे.

या समजाला बळ मिळाले ते २०१६च्या कॉक्रेन आढाव्यामुळे (‘कॉक्रेन’ ही एकाच विषयावरच्या अनेक चाचण्या एकत्र तपासणारी संस्था). नऊ चाचण्यांच्या त्या आढाव्यात, तोंडावाटे स्टिरॉइड द्यावे लागेल इतके तीव्र झटके माणशी वर्षाला ०.४४ वरून ०.२८ वर आल्याचे दिसले होते. २०२३ मध्ये त्याच आढाव्याची नवी आवृत्ती निघाली, तिच्यात वीस चाचण्या आणि २,२२५ रुग्ण होते, आणि तो फायदा नाहीसा झाला. दरम्यान २०२० साली अमेरिकेत ६ ते १६ वर्षांच्या १९२ मुलांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात रोज ४,००० युनिट दिले जात होते. फायदा दिसण्याची शक्यता उरली नाही म्हणून ती मुदतीआधीच थांबवावी लागली.

प्रतिसाद १

आपला निष्कर्ष घाईचा वाटतो. ज्याच्या शरीरात हे जीवनसत्त्व पुरेसे आहे त्याला आणखी देऊन काही होणार नाही, हे उघड आहे. प्रश्न आहे तो ज्याच्याकडे ते जवळजवळ नाहीच त्याचा. २०१७ मध्ये अनेक चाचण्यांतील प्रत्येक रुग्णाची स्वतंत्र माहिती एकत्र करून विश्लेषण झाले, तेव्हा रक्तातील ड जीवनसत्त्वाची पातळी मिलिलिटरमागे १० नॅनोग्रॅमच्या खाली असलेल्यांत झटके ठळकपणे घटलेले दिसले. २०२३च्या आढाव्यातही इतकी तीव्र कमतरता असलेले रुग्ण फारच थोडे होते. सावळी त्वचा, घरात किंवा कार्यालयात जाणारा दिवस आणि आहारातून मिळणारे तुटपुंजे प्रमाण यांमुळे आपल्याकडे असे रुग्ण सर्रास भेटतात. त्यांच्यावर पुरेशी चाचणी झालेली नसताना ‘उपयोग नाही’ असा निकाल कसा देता येईल?

धागाकर्ता

२०१७च्या विश्लेषणातील आपण म्हणता त्या गटात अवघे ९२ रुग्ण होते, आणि कमतरता असलेले व नसलेले यांच्यातील फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर सिद्ध झालेला नव्हता. शिवाय आपल्याच देशातला पुरावा उपलब्ध आहे. दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये ४ ते १२ वर्षांच्या, दमा आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता दोन्ही असलेल्या २५० मुलांवर चाचणी झाली. नऊ महिने रोज १,००० युनिट देऊनही दम्याच्या नियंत्रणात फरक पडला नाही.

प्रतिसाद १

१,००० युनिट हा माफक डोस आहे. त्यावरून मोठ्या डोसबद्दल काही ठरत नाही.

प्रतिसाद २ (औषधविक्रेता)

आकडेवारीत मी पडत नाही, पण दुकानाच्या काउंटरवर जे दिसते ते सांगतो. रुग्ण पुडी आठवणीने मागतो आणि इन्हेलर मात्र ‘सवय लागते’ म्हणून टाळतो. श्वासनलिकेची सूज कमी ठेवणारे स्टिरॉइडचे इन्हेलर रोज घ्यायचे असते, हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते. थोडे बरे वाटले की तेच पहिले बंद होते, पुडी सुरू राहते. (पुडीची चव गोड असते, हेही कारण असावे.) आठवड्याची पुडी रोज घेणारेही भेटतात, आणि त्यात गंमत नाही : रक्तातील कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठता, सतत तहान आणि पुढे मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

प्रतिसाद ३

गर्भवतींना ते दिले तर बाळाला दमा होत नाही, असेही सांगितले जाते. अमेरिकेत ८८१ गर्भवतींवर झालेल्या चाचणीत रोज ४,४०० आणि ४०० युनिट यांची तुलना केली होती. तीन वर्षांच्या वयापर्यंत दमा किंवा वारंवार घरघर होण्याचे प्रमाण अनुक्रमे २४.३ आणि ३०.४ टक्के होते, पण हा फरक निर्णायक ठरला नाही. सहाव्या वर्षी तर तो उरलाच नाही.

प्रतिसाद १

औषधविक्रेत्यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. इन्हेलरची जागा ड जीवनसत्त्वाने घ्यावी, असे मी कुठेही म्हटलेले नाही. पण ज्याला वर्षात अनेकदा तोंडावाटे स्टिरॉइड घ्यावे लागते, त्याची हाडे त्या औषधानेच झिजतात. अशा रुग्णाची पातळी तपासून ती भरून काढायलाच हवी, आणि ते करताना झटकेही कमी होतात का याची नोंद ठेवावी. तीव्र कमतरतेच्या रुग्णांवर मोठी चाचणी होईपर्यंत माझे मत हेच राहील.

धागाकर्ता

हाडांसाठी द्या, तपासून द्या. तिथे आपले एकमत आहे. चिठ्ठीवर मात्र ‘हाडांसाठी’ असे लिहून द्या, म्हणजे घरी गेल्यावर कोणी ते दम्याचे औषध समजणार नाही.