मदत हवी आहे: हरिश्चंद्रगडावर पहिलाच मुक्काम

मंडळी, डिसेंबरातल्या एका शनिवारी मी आणि धाकटी बहीण हरिश्चंद्रगडावर मुक्कामी जातोय. पाठीवर बिऱ्हाड घेऊन पहिल्यांदाच. पाचनईची वाट सोपी, पण खिरेश्वरहून टोलार खिंडीतून चढायची फार इच्छा आहे. काल सॅक भरून जिना चढून पाहिला. तंबू, स्लीपिंग बॅग, तीन लिटर पाणी धरून अकरा किलो! दुसऱ्याच मजल्यावर पट्टे खांद्यात रुतले. काय कमी करू? वर गावकऱ्यांकडे पिठलं-भाकरी मिळते, मग स्टोव्ह घरीच ठेवू का?

शनिवारी गडावरच्या कोकणकड्यावर (तो प्रसिद्ध उंच कडा) तंबूंची दाटी असते आणि बहिणीची झोप फार सावध. गडावरच्या हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाच्या बाजूला शांत जागा मिळेल का? सूर्यास्त मात्र कड्यावरूनच बघायचाय. तिथून अंधारात देवळापर्यंत परतताना वाट चुकायची भीती आहे का?