दोन पोरं, एक वर्कशॉप आणि माळ्यावरचं पॅराग्लायडर: सोडावं का?

उद्यमबागकर

नमस्कार. घरात विचारता येत नाही म्हणून इथं विचारतोय. लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

वय ३९. बेळगावच्या उद्यमबागेत जॉबवर्कचं छोटं वर्कशॉप. दोन जुने लेथ आणि कर्जावर घेतलेलं एक सीएनसी मशीन. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही मशिनिंग करून देतो. कामाला चार पोरं. घर अनगोळात. घरी बायको, आठ वर्षांची मुलगी, तीन वर्षांचा मुलगा, आई, आणि दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूनं उजवी बाजू गेलेले बाबा. बाबांना उठवून बसवायला माझीच दोन हातं लागतात, हे मुद्दाम सांगतोय.

पॅराग्लायडिंग लग्नाआधीपासूनचं. लोणावळ्याजवळ कामशेतला शिकलो, पी-टू ही प्रशिक्षणाची दुसरी पायरी केली, मग एक सेकंडहँड बी क्लासचं विंग, म्हणजे कापडी पंख, घेतलं. ते आमच्या माळ्यावर तांदळाच्या डब्यांशेजारी असतं. इकडे उडायची सोय नाही, त्यामुळं सुगी आटोपली की येळ्ळूरकडच्या मोकळ्या शिवारात नुसतं ग्राउंड हँडलिंग करतो. म्हणजे विंग डोक्यावर उभं करायचं, पाय जमिनीवरच. बासमती कापलेल्या त्या शेतात एकदा बांधावरून एक आजोबा बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, ‘‘सकाळधरनं काय वाळवूलालास गा?’’

खरं उडणं कामशेतलाच, वर्षातून चारेक वेळा. शुक्रवारी रात्री गाडी काढायची, पावणेचारशे किलोमीटर, रविवारी रात्री परत. आईला सांगितलेलं असतं की पुण्याला कामाच्या पार्टीकडे चाललोय. बायकोला सगळं माहीत आहे. तिची अट एकच, पाय जमिनीला लागले की ‘उतरलो’ एवढा मेसेज टाकायचा. आजवर एकदाही चुकलो नाही.

आता मुद्द्याचं. गेल्या फेब्रुवारीत संध्याकाळी कामशेतच्या टॉवर हिलवर उभा होतो. वारा छान, सरळ अंगावर येत होता. हार्नेस, म्हणजे विंगखाली लटकायची पट्ट्यांची सीट, अंगात घातला आणि बकल लावायला वाकलो तोच वर्कशॉपमधनं फोन. चाळीस नग रिजेक्ट, बोअर ओव्हरसाइझ, पार्टी ओरडूलालीय. मी तिथं उभ्या उभ्याच टूल ऑफसेट काय बघायचं ते सांगितलं, फोन खिशात टाकला, हातमोजे चढवले, छातीचं बकल लावलं, विंग वर घेतलं, वळलो. पळायला पहिलं पाऊल टाकणार, तेवढ्यात मागनं एक शिकाऊ पोरगी किंचाळली, ‘‘लेग स्ट्रॅप! लेग स्ट्रॅप!’’

खाली बघितलं. दोन्ही मांड्यांचे पट्टे मोकळे, बकलं गुडघ्याजवळ लोंबकळत होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हे पट्टे नसतील तर पाय सुटल्यावर माणूस हार्नेसमधनं खाली घसरतो आणि काखेत अडकून छातीच्या पट्ट्याला लटकत राहतो. सीटवर परत चढता येत नाही, ब्रेकवर धड ताबा राहत नाही. किती वेळ लटकणार ते ज्याच्या त्याच्या दंडावर.

आणि लाज वाटते सांगायला, पण मी पट्टे लावले आणि उडालो. वीस मिनिटं मस्त गेली. खाली उतरून विंग गोळा करताना हात थरथरायला लागले ते थांबेनात. तसल्याच हातांनी ‘उतरलो’ टाइप केलं. तिचा नेहमीचा अंगठा आला.

हे तिला अजून सांगितलेलं नाही. या हंगामात ती आपणहून म्हणाली, ‘‘सोडा म्हणत नाही. पण वर्षातनं दोनदाच जावा.’’ मला ते पटतंय. मित्र म्हणतो, एवढा रात्रीचा हायवे मारतोस तो जास्त धोक्याचा. तेही पटतंय. मग नक्की करावं काय? सोडावं, कमी करावं, की चाललंय तसं चालू द्यावं? आणि फेब्रुवारीचं घरी सांगावं का?

चिंच_गूळ

सोडून दे की. संक्रांतीला पतंग उडव.

घाटवारा

कामशेतला मीही पडीक असतो, कधीतरी समोरासमोर आलो असू. थोडं कडक लिहितोय, राग मानू नका.

वर्षातनं दोनदा हा मधला मार्ग नाही. तिन्हींत सगळ्यात वाईट तोच आहे. वहिनींना वाटतं उडणं निम्मं झालं की धोका निम्मा. तसं होत नाही. हात विसरतात. वर्षातून चार वेळा येणारा माणूस दर वेळी पहिला दिवस हात जुळवण्यात घालवतो आणि दुसऱ्या दिवशी परत जातो. त्यातही एवढ्या लांबून आल्यामुळं वारा नको तसा असला तरी ‘आता आलोय तर’ म्हणत उभा राहतो. शंभर किलोमीटरवरचा पायलट विंग पिशवीत भरून चहाला जातो, तुम्ही जाणार नाही. खरं सांगा, गेलाय कधी न उडता परत?

हायवेची तुलनाही सोडा. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, आकडा भयंकर आहे. पण रस्त्यावर रोज कोट्यवधी लोक असतात, आपण डोंगरावर मूठभर. तासाला तास लावून बघितलं तर आपली बाजू कुणी घेणार नाही. शिवाय तुम्ही हायवे टाळून डोंगरावर येत नाही. दोन्ही करता, तेही रात्रभर जागून. जागरण उतरवल्याशिवाय टेकऑफवर उभं राहणं ही वेगळीच चूक.

लोक मरण्याचाच विचार करतात. आपल्यात नेहमी दिसतं ते कंबरेच्या मणक्याचं. उतरताना वाऱ्यानं दगा दिला, ढुंगणावर आपटलो, एल-वन गेला. माणूस जगतो, पण महिनोन्‌महिने पाठीवर. तुमच्या बाबांना त्या काळात उठवणार कोण?

चालू ठेवायचं असेल तर हार्नेस आधी बदला. तुमचा जुना दिसतोय, मांडीची आणि छातीची बकलं वेगवेगळी. टी-लॉकवाल्यात छातीचं बकल लावताना मांड्यांचे पट्टे त्यातच अडकवले जातात, विसरायचं म्हटलं तरी अवघड. विंग बी क्लासचं आहे, वर्षातनं चारदा उडणाऱ्यानं ए वर, म्हणजे सगळ्यात शांत क्लासवर, यावं, त्यात कमीपणा काही नाही. रिझर्व्ह, म्हणजे अडीअडचणीचं पॅराशूट, शेवटचं कधी उघडून परत घडी केलंय? सहा महिन्यांनी करावं, निदान वर्षातनं एकदा तरी. माळ्यावर ते नुसतं उशीसारखं पडून असेल तर गरजेला उघडेल याचा भरवसा धरू नका. आणि भर दुपारी थर्मल, म्हणजे उन्हानं वर उठणारी गरम हवा, जोरात असताना उडायचं नाही, सकाळ-संध्याकाळच.

एवढं करायला वेळ नसेल, तर उडायलाही वेळ नाही असं समजा.

निपाणी_विमा

मी विम्याचं काम करतो, पण इथं पॉलिसी विकायला आलेलो नाही. एकच विचारतो. टर्म प्लॅन घेताना फॉर्मवर धोकादायक छंदाचा प्रश्न होता, तिथं काय लिहिलंत? दहातले नऊ जण ‘नाही’ लिहून मोकळे होतात, आणि बऱ्याचदा तो टिक मारायचा सल्ला आमच्यातलाच कुणीतरी देतो.

विमा कायदा १९३८, कलम ४५. २०१५ च्या दुरुस्तीनंतर पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाली की कंपनीला माहिती लपवल्याच्या कारणावरून ती खोडता येत नाही. तीन वर्षांच्या आत मात्र सगळं उकरून काढता येतं. पण हे मूळ पॉलिसीपुरतं. वरचा अपघाती रायडर आणि वेगळी अपघात पॉलिसी यांच्यात प्रवासी म्हणून सोडून बाकीचं उडणं बहुधा वगळलेलंच असतं. तिथं कलम ४५ ची ढाल चालत नाही, कारण ती अट पहिल्या दिवसापासून छापलेली असते.

आरोग्य विम्याचं उलटं आहे. साहसी खेळांचा जो ठरलेला अपवाद आहे तो ‘व्यावसायिक म्हणून’ भाग घेणाऱ्यांसाठी. हौशी माणसाला मणक्याचं ऑपरेशन मिळू शकतं. तरी आपल्या कागदावरचे शब्द स्वतः वाचा, माझ्यावर विसंबू नका.

सीएनसीच्या कर्जाला जामीन कोण आहे? बायको असेल तर हे सगळं तिच्यासमोर बसून वाचा.

खानापूरची_सून

माझे मिस्टर मराठा लाइट इन्फंट्रीत आहेत. आमच्या गावात गल्लीला दोन घरं फौजेतली, त्यामुळं फोनकडे बघत बसायचं काय असतं ते मला शिकवायला नको.

तुमचं सगळं वाचलं. त्यात तुमचे हात थरथरले ते आहे, तुमचं ‘उतरलो’ आहे. तो मेसेज येईपर्यंत ती दोन दिवस काय करते ते कुठंच नाही. ती बाबांना एकटीनं उठवते, पोरांना आंघोळ घालते, आणि आईंनी विचारलं की पुण्याच्या पार्टीची गोष्ट रचून सांगते. तुम्ही उडता आणि खोटं ती बोलते. हे मला जास्त टोचलं.

आमचे मिस्टर सुट्टी संपवून निघायच्या आदल्या दिवशी एक लांब वही घेऊन बसतात. बँक कुठली, एफडी कधी संपते, नॉमिनी कोण, युनिटचा नंबर, शेताचा उतारा कुठल्या पिशवीत, कुणाचे आपण देणं लागतो, आपल्याला कोण. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी रडले होते, ही असली वही का काढता म्हणून. आता मीच काढून देते, आणि ते सांगायचं विसरले तर खडसावते. त्यांची जोखीम नोकरीची आहे. मागं पेन्शन आहे, रेजिमेंट आहे, विचारपूस करणारे आहेत. तुमच्या मागं दोन लेथ आणि एक हप्ता. मग वही तुमच्याकडं जास्त जाड पाहिजे का नको?

सोडा किंवा उडा, ते तुमचं तुम्ही दोघं बघा. पण फेब्रुवारीचं सांगा. ती ‘दोनदाच जावा’ म्हणाली ते अर्धं माहीत असताना. अर्धं लपवून घेतलेली परवानगी कसली?

सांब्रा_निवृत्त

हवाई दलात तांत्रिक शाखेत होतो, आता सांब्र्यातच घर केलंय. पोरा, तू चुकलास तो फोन घेतलास म्हणून नव्हे. फोन ठेवल्यावर जिथं सोडलं होतं तिथनं पुढं सुरू केलंस, तिथं चुकलास. आमच्याकडे विमानाची तपासणी चालू असताना कुणी आडवं बोललं, की परत पहिल्या ओळीपासून. नवव्या कलमावर असलास तरी पहिल्यापासून. डोक्याला ‘झालंय’ आणि ‘करणार होतो’ यातला फरक कळत नाही, ते दोन्हीला झालंय म्हणतं. लेथवर तू चक आवळायची किल्ली चकात ठेवून मशीन चालू करत नाहीस ना? तशीच सवय इथं पाहिजे. फोन खालीच गाडीत ठेवायचा हे वेगळं सांगत नाही.

एक गोष्ट सांगतो, घरच्यांवरून आठवली. राइट बंधूंनी बापाला शब्द दिला होता की दोघं कधी एकत्र उडणार नाहीत, एक गेला तरी दुसरा राहावा. भीती उगाच नव्हती. १९०८ साली ऑर्व्हिलचं विमान कोसळलं, बरोबरचा लेफ्टनंट सेल्फ्रिज गेला आणि ऑर्व्हिल मोडून पडला. तरी शब्द पाळला. २५ मे १९१० ला एकदाच, बापाच्या परवानगीनं, दोघं मिळून सहा मिनिटं उडाले. त्याच दिवशी ऑर्व्हिलनं ८१ वर्षांच्या बापालाही वर नेलं, आणि म्हातारा वर गेल्यावर आणखी उंच चल म्हणाला. पुढं दोनच वर्षांत विल्बर गेला, तो टायफॉइडनं, घरच्या अंथरुणावर.

दोघंही बिनलग्नाचे होते, हे मात्र तुझ्या बाजूनं धरू नको.

आणि येळ्ळूरच्या शिवारात पाय जमिनीवर आहेत तोवर ठीक. राजहंसगडावरनं उडायचं मनात असेल तर काढून टाक. इथं विमानतळ आहे, आकाश मोकळं नाही.

उद्यमबागकर

सगळ्यांचे आभार, पतंगवाल्याचेही. आठ दिवस उत्तर दिलं नाही कारण सांगण्यासारखं काही झालं नव्हतं. आता झालंय.

घाटवारा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही असंच आहे. न उडता एकदाही परत आलेलो नाही. रिझर्व्हची चिठ्ठी बघितली. तारीख लिहीत नाही, शिव्या घालाल.

परवा रात्री पोरं झोपल्यावर बायकोला फेब्रुवारीचं सांगितलं. ती काही बोलली नाही. म्हणाली, हार्नेस खाली काढा. काढला. तिनं तो स्वतः अंगात घातला, साडीवरनंच, आणि छातीचं बकल लावून म्हणाली, आता दाखवा काय विसरला होता. मी मांडीचे पट्टे दाखवले. तिनं एक बकल हातात घेऊन चार-पाच वेळा लावलं, काढलं, लावलं. खट्, खट्. मग विचारलं, ‘‘ती पोरगी कोण? तिचं नाव विचारलं होतासा?’’

नव्हतं विचारलं.

डिसेंबरचं कामशेत रद्द केलंय. विंग विकायला काढलेलं नाही, तेवढं धाडस अजून नाही. ती म्हणते, बाबांसाठी दिवसाचा माणूस लागल्यावर, रिझर्व्ह आणि हार्नेसचं झाल्यावर, आठ-दहा दिवस सलग जाऊन पुन्हा नीट शिकायचं असलं तर बोलू. दोनदाचं तिनंच मागं घेतलं, तुमचं लिहिलेलं वाचून. आणि आईला ती काही खोटं सांगणार नाही, मीच सांगायचं. ते अजून राहिलंय.

काल वही आणली, लांब, दोनशे पानी. पहिल्या पानावर बँका लिहिल्या. दुसऱ्यावर सीएनसीचं कर्ज: हप्ता किती, कितव्या तारखेला, जामीन कोण. तारखेपाशी अडकलो, पाच का सात आठवेना. स्वयंपाकघरात जाऊन तिलाच विचारलं. तिनं पोळी उलटता उलटता तारीख सांगितली, वर किती हप्ते राहिलेत तेही सांगितलं, आणि म्हणाली टर्मचा कागद कपाटात खालच्या खणात आहे, तिथं छंदाच्या रकान्यात तुम्ही ‘वाचन’ लिहिलंय.