गेमसाठी दोन ग्राफिक्स कार्डांतलं एक निवडताना तुमचं काय झालं?

काल माळा आवरताना खोका सापडला. जीटीएक्स १०६०, ३ जीबी. कार्ड कधीच विकलं, खोक्यात आईच्या राख्या.

२०१७. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बाबा सोबत. काउंटरवर दोन खोके, ३ जीबी आणि ६ जीबी. फरक पाचेक हजारांचा. दुकानदार म्हणाला, "कार्ड सेम है, बस मेमरी कम है." बाबांच्या वरच्या खिशात मोजून आणलेले पैसे. मीच म्हटलं, ३ पुरे. कोअर, म्हणजे आतले हिशेब करणारे छोटे भाग, तेही कमी, १२८० च्या जागी ११५२, हे घरी येऊन रात्री वाचलं. नाव मात्र दोघांचं १०६०च. पुढे नव्या गेमला टेक्श्चर 'हाय' केलं की चित्र अडखळायचं. बाबा मागे उभे राहून विचारायचे, "मस्त चालतंय ना?" मी म्हणायचो, मस्त. अजून सांगितलेलं नाही.

लिहा तुमचेही.

ढोबळी_मिरची: ३ जीबी क्लब. द्या टाळी.

जुना_खोड: आम्ही २००२ ला जीफोर्स ४ एमएक्स ४४० घेतलेलं. नावात ४, आतून जीफोर्स २ चं भाऊबंद. पाणी, प्रकाश चमकवणारा पिक्सेल शेडरच नाही! शेजारच्याकडे जीफोर्स ३, त्याला "जुनं कार्ड" म्हणून किती चिडवलं मी. मग एक गेम आला, त्याच्याकडे पाणी चमकतंय, माझ्याकडे गेम उघडतच नाही. तो काही बोलला नाही. ते जास्त लागलं.

फोडणी: मी आरएक्स ५८०, ८ जीबी मिळतेय म्हणून. १०६० ला १२० वॅट, याला १८५. आणि एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, कॅबिनेटबरोबर फुकट आलेला. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फट्ट. आजी ओरडली, घरात लवंगी कोणी फोडली रे

ढोबळी_मिरची: 😂😂 कार्ड गेलं?

फोडणी: नाही ओ, भाच्याकडे अजून चालतंय. एसएमपीएसवर ४५० वॅटचा स्टिकर होता, आत किती होते देव जाणे. थांबा, कुकर झाला

रात्रपाळी: मी दोन्हींतलं एकही नाही. २०२१ ला "भाव उतरू देत" म्हणत बसलो. इथेरियम हे क्रिप्टो चलन कार्डांवर कमावणारे (माइनिंग म्हणतात त्याला) सगळी उचलून नेत होते. सप्टेंबर २०२२ ला त्यांचं कार्डांवरचं माइनिंग बंद झालं, कार्डं स्वस्त झाली, आणि त्याच महिन्यात मुलगी झाली. पैसे डायपरला.

जुना_खोड: अभिनंदन, उशिरा का होईना

रात्रपाळी: धन्यवाद. हल्ली कीबोर्डची बटणं उपटते.

निवृत्त_काका: नातू म्हणतो आरटीएक्स ४०६० नाहीतर आरएक्स ७६००. दोन्ही ८ जीबीच. कुठलं घेऊ? पटकन सांगा, दुकानात उभा आहे.

फोडणी: काका, ४०६० ला ११५ वॅट, ७६०० ला १६५. आधी एसएमपीएस बघा, माझं वाचलंत ना वर. मॉनिटर १०८० चा असेल तर दोन्ही छान, स्वस्त मिळेल ते घ्या.

निवृत्त_काका: मॉनिटर नाही, हॉलमधल्या टीव्हीला जोडणार म्हणतो.

फोडणी: टीव्ही ४के?

निवृत्त_काका: हो. ५५ इंची. हिची मालिका ८ वाजता असते.

जुना_खोड: ४के ला ८ जीबीची दमछाक होईल. पण मालिकेपुढे कार्ड कुठलंही असलं तरी काय उपयोग.

ढोबळी_मिरची: धागाकर्ते, तो १०६० चा खोका विकणार का? माझं कार्ड विकायचंय, खोक्यासकट चार पैसे जास्त मिळतात

धागाकर्ता: आईला विचारलं. "राख्या मग कशात ठेवू?"